तळ्याकांठचा मुक्काम

तळ्याकांठीं रात्र काढावयाची तर निघण्यापूर्वीं काय पाहावें, हें आम्ही येथें सांगत आहों. उदाहरणादाखल अकोले तालुक्यांतील भंडारदरा घेऊं. प्रवरा नदीवरील तेथील धरण १९२६ सालीं पुरें झालें. अर्थात् हें तळें म्हणजे पाण्याखालीं गेलेली दरी होय. गुडघाभर पाण्यांतून टाकलेलें पुढचें पाऊल एकदम खोलांत पडूं शकतें. पावसाळ्यांत चढलेलें पाणी पुढें ओसरतें, तेव्हां उघडा पडलेला कांठ निसरडा असतो. म्हणून तंबूची जागा गांवकऱ्यांस विचारून, पाण्यापासून दूर व उंचावर निवडावी. पोहतां येत असलें तरी अनोळखी पाण्यांत उतरूं नये.

मुक्कामास हिवाळा बरा. मात्र १६४६ मीटर उंचीच्या कळसुबाईच्या या परिसरांत रात्रीं थंडी कडक पडते, आणि कोळशाची शेगडी तंबूंत घेण्याचा मोह होतो. तो प्राणघातक आहे. विझत आलेल्या कोळशांतूनही कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेल्या माणसास जाग येण्यापूर्वींच तो प्राण हरण करूं शकतो. शेगडी बाहेरच ठेवावी. उबेसाठीं एक कांबळें अधिक न्यावें.

पिण्याचें पाणी, विजेरी, दोरी, औषधें व कचऱ्यासाठीं पिशवी यांची यादी मुलांनीं करावी व पालकांनीं तपासावी. कोठें उतरणार व केव्हां परतणार, हें घरीं लिहून ठेवावें. एवढी तजवीज झाली म्हणजे पाण्यांतलें चांदणें निर्धास्तपणें पाहतां येईल.