वाचता येईल असा प्रोग्रॅम

कागल तालुक्यातील बिद्री येथे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. समजा, उसाचे बिल काढणारा एक छोटा प्रोग्रॅम तुम्ही पायथॉन या संगणक-भाषेत लिहिला. हिशेब सोपा आहे : उसाचे वजन गुणिले प्रतिटन दर.

तुम्ही वजनाला ‘क’ आणि दराला ‘ख’ असे नाव दिले. संगणक उत्तर बरोबर देईल. पण पुढच्या हंगामात दर बदलला आणि प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती गेला, तर? त्याने ‘ख’ऐवजी ‘क’ बदलला, तर शेतकऱ्याचे बिल चुकेल. म्हणून ‘वजन’, ‘दर’ अशी अर्थपूर्ण नावे द्या.

उर्दूतील बे, पे आणि ते आठवा. आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा! नुक्ते गाळले, तर वाचणारा अडखळतो. पायथॉनमध्ये ओळीच्या आरंभीची मोकळी जागा अशीच महत्त्वाची असते. ती चुकली, तर अर्थ बदलतो किंवा प्रोग्रॅम चालतच नाही.

पायथॉनचे जनक ग्विदो व्हान रॉसम आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली ‘पेप ८’ ही नियमावली तयार केली. तिचे काही नियम असे :

१. आतल्या प्रत्येक पायरीला ४ मोकळ्या जागा सोडा.
२. ओळ ७९ अक्षरांपेक्षा लांब नको.
३. प्रोग्रॅम बदलला, की त्यातील टीपही बदला.

प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो, पण अनेकदा वाचला जातो. म्हणून तो वाचणाऱ्यासाठी लिहा.

स्वाध्याय
१. ‘क’, ‘ख’ ही नावे का टाळावीत?
२. वर्गाची हजेरी मोजणाऱ्या प्रोग्रॅमसाठी तीन अर्थपूर्ण नावे सुचवा.