आजचं चिंतन : कच्चं मडकं आणि घरची शाळा



आजचं चिंतन ज्या आई-बाबांनी लेकरांना घरीच शिकवायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी. आपल्या धाराशिव जिल्ह्यात अशी घरं थोडी, त्यामुळं फार एकटं वाटतं. माझी दोन्ही लेकरं घरीच शिकली, म्हणून मला ते माहीत आहे.

परवा कळंबकडच्या एका ताईंचा फोन आला. लेक तेरा वर्षांची, तीन वर्षांपासून घरीच शिकते. एका लग्नात पाहुण्यांनी तिला चारचौघांत सत्तावीसचा पाढा म्हणायला लावला. पोर अडखळली. मग काय, "बघा, आम्ही म्हणलंच होतं" सुरू झालं. ताई मला म्हणाल्या, "वहिनी, मी माझ्या हातानं हिचं वाटोळं तर करत नाही ना?"

मला लगेच गोरोबाकाका आठवले. चारचौघांत डोकी तपासण्याची गोष्ट तर आपल्या तेरचीच आहे.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तेरला काकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताईनं कोपऱ्यातलं थापटणं बघितलं आणि विचारलं, काका, हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग आमचीही मडकी बघा की, असं ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. काकांनी सांगून टाकलं, हे मडकं कच्चं आहे.

आपण इथंच हसतो आणि गोष्ट सोडून देतो. पण पुढं काय झालं ते बघा. नामदेव रुसून पंढरीला गेले, आणि विठ्ठलानंही त्यांची समजूत काढली नाही, गुरू कर म्हणून सांगितलं. ते विसोबा खेचरांकडं गेले. म्हणजे "कच्चं" हा शेवटचा निकाल नव्हता. काम कुठवर आलंय, एवढंच काकांनी सांगितलं. आणि ते पुरं करायला नामदेवांना दुसऱ्याच दारी जावं लागलं. प्रत्यक्ष पांडुरंगाशी बोलणाऱ्या माणसालासुद्धा!

आता कुंभाराचं काम आठवा. चाकावरून उतरलेलं मडकं जाड असतं. थोडं सुकलं की कुंभार आतून दगडाचा किंवा मातीचा गोळा धरतो आणि बाहेरून थापटण्यानं हलकं हलकं ठोकतो. आतला हात नसेल तर तेच थापटणं मडकं फोडतं. नंतर ते सावलीत वाळवायचं, कारण उन्हात घाईनं वाळवलं तर तडा जातो. मग भट्टी. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, ती भाजलेल्या माठाला. ओल्या मडक्याला टिचकी मारून खणखणीत आवाज कसा येईल?

म्हणून ताईंना मी पहिलं हेच म्हणाले, की लग्नातल्या पाढ्यावरून पोरीचं माप काढू नका. पण घरी तुम्हीही तिची रोज परीक्षा घेऊ नका. घरी शिकवणाऱ्या आईला हा मोह फार असतो. शेजारणीला दाखवायचं असतं ना! त्यापेक्षा एक वही ठेवा. आज काय वाचलं, कुठं अडलं, काय स्वतःहून विचारलं, दोन ओळी लिहा. सहा महिन्यांनी ती वही चाळा.

दिवसभर शाळेसारखं बसवायची गरज नाही. सकाळी दोन-अडीच तास मन लावून गणित आणि भाषा झाली तरी पुष्कळ. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. हरिपाठ मोठ्यानं वाचायला लावा, उच्चार सुधारतात आणि नामही होतं. बाजारातला हिशोब तिलाच करू द्या. आणि एक दिवस तेरला घेऊन जा. काकांचं दर्शन घ्या, मग लामतुरे वस्तुसंग्रहालय निवांत बघा. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनांच्या काळी इथला माल रोमपर्यंत जायचा. तिथली मातीची खेळणी-भांडी बघून इतिहास जेवढा डोक्यात बसतो, तेवढा पाठ करून बसत नाही. विटांचं त्रिविक्रम मंदिरही चुकवू नका.

काकांच्या चरित्रातली दुसरी गोष्ट मला नेहमी जड जाते. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना त्यांचं स्वतःचंच लेकरू पायाखाली आलं. पुढं देवानं ते परत दिलं, असं परंपरा सांगते. कीर्तनात ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगतात, ते बरोबरच आहे. पण आई म्हणून मी ती ऐकते तेव्हा वाटतं, तंद्री चांगल्या गोष्टीचीही असते. "माझं लेकरू वेगळं घडवायचं" ही तंद्रीच आहे. आपलं ध्येय कितीही चांगलं असो, रांगणारं लेकरू कुठं आहे तिकडं डोळा हवाच. पोर गप्प झाली, मैत्रिणींसाठी झुरायला लागली, तर ऐका. तिला परत शाळेत जायचं असेल तर वाट बंद नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाला योग्य वर्गात प्रवेश मिळतो. हाच कायदा मुलांना शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य मानतो, हेही माहीत असू द्या. त्यात पालकांना शिक्षा सांगितलेली नाही, पण घरच्या शिक्षणाची वेगळी तरतूदही नाही.

आता विसोबांचं. घरी शिकवायचं म्हणजे सगळं आपणच शिकवायचं, असं कुणी सांगितलं? ज्ञानोबांचे गुरू त्यांचे थोरले भाऊ, पण निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडंच जावं लागलं. तुम्हाला बीजगणित येत नसेल तर गावातल्या निवृत्त गुरुजींना विचारा. बहुतेकांना आनंदच होतो. भजनी मंडळात पेटी शिकू द्या, सुताराकडं माप घ्यायला शिकू द्या. लेकरू दुसऱ्याकडं शिकलं म्हणून आपण कमी पडत नाही.

दहावीची काळजी आत्तापासून नको, पण कागद सांभाळा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला जपून ठेवा. एक वाट १७ नंबर फॉर्मची, म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची परीक्षा. आपलं विभागीय मंडळ लातूरला आहे. दुसरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. तिथं दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय असतात, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक विषयही देता येतो. माझ्या थोरल्यानं तसंच केलं, गणित सगळ्यात शेवटी. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, तिथं पाचवी आणि आठवीचीही परीक्षा देता येते. फॉर्मच्या तारखा दरवर्षी बदलतात, तेवढ्या वेळेवर बघा.

ताईंनी काल सांगितलं, पोर सोमवारपासून गुरुजींकडं जातेय. सत्तावीसचा पाढा अजून अडतोच म्हणे.

उद्या नामदेव आणि विसोबांची भेट घेऊ. राम कृष्ण हरी.