करवंदीचे कुंपण

कोकणात बागेभोवती चिऱ्यांचा गडगा रचतात किंवा वाळलेल्या काट्यांची वई घालतात. गडग्याला खर्च फार येतो. वईला वाळवी लागते व पुन्हा काटे तोडून आणावे लागतात. करवंदीचे कुंपण मात्र जिवंत असते. ते बारा महिने हिरवेगार राहते आणि वैशाखात फळेही देते.

मुलांनो, करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळजण खेळले असतील. त्या वेळी हाताला बोचलेले काटेच कुंपणाच्या कामी येतात. दाट फांद्या आणि टोकदार काटे यांमुळे गुरांना आत शिरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने, कर चुकवून कोणी मीठ नेऊ नये म्हणून, उत्तर भारतात शेकडो मैल लांबीचे काटेरी कुंपण वाढविले होते. त्यात बाभूळ, बोर, निवडुंग यांच्याबरोबर करवंदीही होती. १८७९ मध्ये ते सोडून देण्यात आले. गरिबाचे मीठ अडविण्यास तिला राबविले, हा काही करवंदीचा दोष नव्हे.

पिकलेल्या करवंदांतील बी धुऊन लगेच पेरावे. साठविलेले बी नीट उगवत नाही. रोपे सावकाश वाढतात. पुढील पावसाळ्याच्या आरंभी चर खणून, शेणखत घालून, सुमारे ६० सेंटिमीटर अंतरावर एकेक रोप लावावे. जमीन मुरमाड असली तरी चालते, पण पाणी साचता कामा नये.

खरी कसोटी छाटणीची. रोपे गुडघ्याएवढी झाली की शेंडे खुडावेत, म्हणजे बुंध्यापासून फांद्या फुटतात व खाली पोकळी राहत नाही. पुढे मात्र हात आवरावा. करवंदीला फुले येतात ती फांद्यांच्या शेंड्यांवर. कुंपण भिंतीसारखे सपाट दिसावे या हौसेने जो माळी सदैव कात्री चालवितो, तो फुलांचे शेंडेच कापून टाकतो. त्याच्या पदरी काटे तेवढे उरतात. वर्षातून एकदा, फळे उतरल्यावर, वाढलेल्या फांद्या आवराव्यात. असे कुंपण थोडे अस्ताव्यस्त दिसते; मला तर ते तसेच शोभिवंत वाटते.

फळ धरण्यास तीन-चार वर्षे लागतात. हिरवी करवंदे लोणच्यासाठी काढावीत, काळी झालेली तशीच खावीत. शेंड्यावरची, हाताला न पोचणारी फळे बुलबुलांसाठी राहू द्यावीत.