भातगिरणीच्या घसाऱ्याचा तक्ता

कर्जत तालुक्यात खरिपाचं भात दिवाळीच्या आगेमागे खळ्यावर येतं आणि गिरणीवाले नवं यंत्रही नेमकं तेव्हाच घेतात. घसाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो. भिवपुरीतली एक लहान गिरणी समोर धरून आयकरासाठीचा तक्ता मांडू.

आधी गिरणीत फिरून यादी करा: शेड, हलर, पॉलिशर, मोटर, वजनकाटा, टेबल-खुर्च्या, संगणक, टेम्पो. प्रत्येकापुढे बिलाची तारीख, किंमत आणि प्रत्यक्ष वापर सुरू झाल्याची तारीख लिहा. जमिनीवर घसारा मिळत नाही. शेड जागेसकट घेतली असेल, तर खरेदीची रक्कम जागा आणि बांधकाम अशी फोडून घ्या.

किमतीत यंत्राच्या बिलासोबत वाहतूक, पाया आणि बसवणीचा खर्च येतो. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर तेवढा कर वगळा. नसेल, तर तो किमतीतच धरा. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम किमतीत धरता येत नाही. म्हणून गवंडी आणि फिटर यांचे पैसेही बँकेतूनच द्या.

मग गट पाडा. कारखान्याची शेड १० टक्के, फर्निचर १० टक्के, यंत्रं १५ टक्के, संगणक ४० टक्के. स्वतःचा माल वाहणारा टेम्पो १५ टक्क्यांतच येतो. ३० टक्के दर भाड्याने गाडी चालवण्याच्या धंद्यासाठी आहे.

घसारा घटत्या शिल्लकीवर काढायचा, म्हणजे दर साल उरलेल्या रकमेवर. दरवर्षी सारखी रक्कम लावण्याची मुभा आयकरात वीजनिर्मिती करणाऱ्यांना आहे. ती भिवपुरीच्या १९२२ सालच्या जलविद्युत केंद्रासारख्या उद्योगाची गोष्ट. गिरणीला ती लागू नाही.

आता तारीख. खरेदीच्या पहिल्या वर्षी यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर दर निम्मा होतो. ३१ मार्चपासून मागे मोजलं की ३ ऑक्टोबर येतो (मधला फेब्रुवारी लीप वर्षातला असेल, तर ४ ऑक्टोबर). दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, वापर सुरू झाल्यापासून मोजायचे.

समजा, यंत्रांच्या गटाची सुरुवातीची शिल्लक ६,००,००० रुपये आहे. जुना हलर ४०,००० ला विकला. नवा सगळा खर्च धरून ४,२०,००० ला पडला आणि १० नोव्हेंबरला चालू झाला. विक्रीची रक्कम गटातून वजा करा: ५,६०,००० वर १५ टक्के म्हणजे ८४,०००. नव्यावर साडेसात टक्के म्हणजे ३१,५००. एकूण घसारा १,१५,५०० आणि वर्षाअखेरची शिल्लक ८,६४,५००. पुढच्या साली संपूर्ण शिल्लकीवर १५ टक्के लावा. हाच हलर जूनमध्ये चालू झाला असता, तर घसारा १,४७,००० झाला असता. फरकाचे ३१,५०० बुडत नाहीत, शिल्लकीत राहून पुढच्या वर्षांत हळूहळू वजा होतात. पण यंदाच्या करातला दिलासा हुकतो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: इथे राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतं. ते भरडायला येतं तेव्हाच नवं यंत्र बसवून घ्या. कागदावर मात्र तारीख मागे ओढू नका. पहिल्या भरडाईची पावती, मीटरवरचं रीडिंग आणि फिटरचा सहीचा कागद बिलाला टाचून ठेवा. विचारणा झाली तर हेच दाखवावं लागतं.

अंदाजित नफ्याच्या योजनेत विवरण भरत असाल, तर घसारा वेगळा वजा मिळत नाही. तरीही कायदा तो दिला गेला असंच धरतो आणि शिल्लक दर साल खाली येते. अशा गिरणीनेही तक्ता चालू ठेवावा, कारण पुढे नियमित हिशेबावर आलात की सुरुवात त्याच घटलेल्या शिल्लकीपासून करावी लागते.