रस्त्यावरील क्रोध : इयत्ता पाचवीसाठी एक पाठ

मधल्या सुट्टीत मुले 'गाडी गाडी' खेळतात. तोंडाने हॉर्न वाजवीत धावतात आणि कोणी आडवा आला की, "ए, दिसत नाही का?" असे ओरडतात. हे शब्द पाठ्यपुस्तकातील नव्हेत. मोठ्यांच्या मागे गाडीवर बसून ते ऐकलेले असतात. मोटार चालविण्याचा परवाना 18 व्या वर्षी मिळतो, परंतु वाहन चालविण्याची वृत्ती त्यापूर्वीच घडते. म्हणून हा पाठ प्राथमिक शाळेतच व्हावा, हे इष्ट होय.

उद्देश : रस्त्यावर राग का येतो व त्याचे मोल काय, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावे.

साहित्य : दोरी, मीटरपट्टी, चुना.

प्रस्तावना : पायवाटेने जाताना एखाद्याचा धक्का लागला तर काय होते, असे शिक्षकांनी विचारावे. "राहू द्या" म्हणून दोघेही पुढे जातात. तीच माणसे वाहनांवर असली तर भांडण का जुंपते? वाहनातून समोरच्याचा चेहरा दिसत नाही, दिसते ती केवळ वाट अडविणारी गाडी. उसाची बैलगाडी हळू चालते ती कोणास अडविण्यासाठी नव्हे. बैलांची चालच तेवढी असते. हे शेतकऱ्यांच्या मुलांना चटकन पटते.

विवेचन : गाव बाजारापासून 10 किलोमीटर दूर आहे असे मानावे. ताशी 40 किलोमीटर वेगाने 15 मिनिटे लागतात, ताशी 60 ने 10 मिनिटे. वाचली 5 मिनिटे. आता दुसरी बाजू पाहावी. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्यात पहिली गाडी 11 मीटर, दुसरी जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. ही अंतरे मैदानावर चुन्याने आखावीत व दोन रेषांमध्ये एका विद्यार्थ्यास उभे करावे. शिवाय वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर सव्वादोन पट होते. पाच मिनिटांची किंमत मुलांना डोळ्यांनी दिसेल.

उदाहरण : 27 डिसेंबर 1988 रोजी पंजाबातील पतियाळा शहरात रस्त्यात उभ्या केलेल्या गाडीवरून वाद झाला. मारहाण झालेले 65 वर्षांचे गृहस्थ मरण पावले. सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाच्या सश्रम कारावासाची शिक्षा दिली ती 19 मे 2022 रोजी. गाडी बाजूस घेण्यास एक मिनिटही लागले नसते; निकालास 33 वर्षे लागली, आणि गेलेला माणूस परत आला नाही.

उपयोजन : एकाने गाडीवान, दुसऱ्याने मोटारसायकलस्वार व्हावे आणि अरुंद पुलावर भेट घडवावी. नंतर भूमिकांची अदलाबदल करावी. घरच्या माणसांच्या चुका वर्गात सांगण्याचा आग्रह मात्र धरू नये. त्यामुळे मूल संकोचते व पाठाचा हेतू बिघडतो.

अखेरीस एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुष्कळ शिक्षक मोटारसायकलीवरून शाळेत येतात. उशीर झालेल्या दिवशी ते फाटकातून कसे आत शिरतात, वाटेतल्या म्हातारीस कसे बोलतात, हे मुले पाहत असतात. फळ्यावरील पाठ संपला तरी हा पाठ रोज चालू राहतो.