डब्याचा व्यवसाय करायचाय? मग आधी लोक दुपारी काय खातात ते बघा



मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "सर, घरगुती डबे सुरू करायचे आहेत, मेनू काय ठेवू?" मेनूचं आपण नंतर बोलू. त्याच्या आधीची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मीही गाळली होती. त्याची किंमत आमच्या घरात दोन पाटल्या होती. म्हणून आजचा धडा जरा सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

२०११ साली मी आणि माझ्या बायकोने भोसरी एमआयडीसीच्या जवळ डबे सुरू केले होते. ती सुगरण, तेव्हा चव हा प्रश्नच नव्हता. आठवड्यातून दोनदा पनीर, बुधवारी छोले, शनिवारी गुलाबजाम. मला वाटायचं, आपण बाकीच्यांपेक्षा भारी देतोय, लोक रांग लावतील. पाच महिन्यांत गिऱ्हाईक २२ च्या वर गेलं नाही. सुरुवातीला आलेले हळूहळू गळायला लागले. लेथवर काम करणारे एक काका होते, त्यांनी डबा बंद करताना सांगितलं, "साहेब, जेवण चांगलंच आहे, पण तुमच्याकडे रोजच लग्न असतं. असं जेवून मशीनवर उभं राहिलं की डोळे मिटतात." त्या दिवशी मला राग आला होता. आज वाटतं, पूर्ण कोर्सची फी देऊनही इतकं कुणी शिकवलं नसतं.

आमची चूक काय झाली? रविवारी हॉटेलात गेल्यावर माणूस काय मागवतो, ते बघून आम्ही सोमवारचा डबा ठरवला. रविवारचं जेवण हौसेचं असतं. सोमवारी दुपारी एक वाजता माणसाला अर्ध्या तासात पोट भरायचं असतं, हात धुवायचे असतात आणि परत कामाला लागायचं असतं.

तीन दिवस उभं राहा

हा गृहपाठ आहे आणि तो टाळायचा नाही. तुमच्या भागात जिथे माणसं कामाला येतात, तिथे तीन दिवस दुपारी साडेबारा ते दोन उभं राहा. वर्कशॉपचं गेट, बँकेच्या मागची चहाची टपरी, तालुक्याच्या दवाखान्याचं आवार, कोचिंग क्लासची गल्ली, काहीही चालेल. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार घ्या. बुधवार-शुक्रवारी अनेकांच्या डब्यात अंडी-मटण येतं, सोमवारी कित्येकांचा उपवास असतो, त्यामुळे एकाच दिवसावरून काही ठरवू नका. कुणाच्या डब्यात डोकावून बघायचं नाही हं! चहा घ्या, गप्पा मारा. "काय आणलंय आज?" एवढं विचारलं तरी आपली माणसं सगळं सांगतात.

काय दिसेल? बहुतेकांच्या डब्यात पोळी किंवा भाकरी, एक सुकी भाजी आणि चिमूटभर लोणचं किंवा चटणी. भाजी म्हणजे बटाटा, कोबी, फ्लॉवर, भेंडी, गवार, मेथी, मटकी. सुकीच का? बसमध्ये, गाडीच्या हँडलला लटकून येताना रस्सा सांडतो म्हणून. वरण-भात आणणारे कमी, पण विचारलंत तर "असला तर बरं वाटतं" असं म्हणणारे भरपूर. सोलापूर, बीड, लातूरकडची पोरं ज्वारीची भाकरी आणि ठेचा काढतील. कोकणातल्या माणसाला चार घास भात नसेल तर जेवल्यासारखंच वाटत नाही. उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार असतील तर पोळी जाड, भात जास्त आणि कच्चा कांदा-मिरची हवीच.

आता नीट लक्ष द्या, धंदा इथे आहे. जो डबा उघडून बसलाय तो तुमचा गिऱ्हाईक नाही. त्याच्या घरी पहाटे कुणीतरी उठतंय. तुमचा गिऱ्हाईक टपरीवर उभा आहे, एका हातात वडापाव आणि दुसऱ्या हातात चहा. किंवा अकरा वाजता पोहे खाल्लेत आणि आता पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर दुपार काढतोय. त्याला चांगलं खायचं नाही असं नाही. तो खोलीवर तिघा-चौघांत राहतो, गॅस एकच, आणि शिफ्ट सकाळी सातची. त्याला पनीर नकोय. त्याला त्या शेजारच्या माणसाच्या डब्यात आहे तेच हवंय.

मुंबईचे डबेवाले सगळ्यांना माहीत आहेत. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास ही सेवा उभी केली आणि मावळ, मुळशी, खेड, जुन्नर पट्ट्यातली माणसं ती चालवत आली. मॅनेजमेंटवाले त्यातली अचूकता शिकवतात. मी दुसरी गोष्ट बघतो. डबेवाला स्वयंपाक करत नाही. तो फक्त घरचा डबा ऑफिसात नेतो, आणि खाली हॉटेल असतानाही लोक त्याचे पैसे देतात. म्हणजे या धंद्यात तुमची स्पर्धा हॉटेलशी नाही, घरच्या भाजी-पोळीशी आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. जागा निवडताना कारखान्याचा आकार बघा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद ठेवली होती. त्यामुळे मोठ्या कंपनीच्या गेटवर उभं राहून फायदा नाही, आत बहुधा कॅन्टीन असतं. १५-२० माणसांची छोटी वर्कशॉप, गोडाऊन, प्रेस, लॅब शोधा. बांधकामाच्या साइटवरची कुटुंबं तिथेच चूल मांडतात, तेही तुमचे गिऱ्हाईक नाहीत.

आता आकडे, आणि इथे कुणी व्हिडिओ पुढे ढकलायचा नाही

सरकारने २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू केली. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. गिऱ्हाईकाने द्यायचे १० रुपये. पण चालवणाऱ्याला शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरलेले, वरचे पैसे सरकारचे. आता विचार करा. २०२० मध्ये, दोन चपात्यांच्या थाळीला, गिऱ्हाईक स्वतः केंद्रावर चालत येत असताना शहरात ५० रुपये धरावे लागले. आणि आज आपली एखादी ताई तीन पोळ्यांचा डबा घरपोच ५० रुपयांना देते आणि म्हणते, "सर, महिनाअखेर हातात काहीच उरत नाही." कसं उरेल, ताई?

चला, एक हिशोब मांडू. हे आकडे नमुन्याचे आहेत, भाव तुमच्या गावचे घाला. रोज ४० डबे, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १०४० डबे.

तीन पोळ्यांना साधारण १०० ग्रॅम कणीक आणि तेल मिळून ५ रुपये. भाजी कच्ची १३० ग्रॅम, त्यात तेल, मसाला, कूट धरून १२. तूरडाळ २५ ग्रॅम आणि फोडणी ४. तांदूळ ५० ग्रॅम (शिजून दीडशेच्या आसपास होतो) ३. कांदा-काकडी-लोणचं २. हे झाले २६ रुपये. आपल्यातले निम्मे लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, "२६ चा माल ६० ला, दुपटीपेक्षा जास्त मार्जिन!"

थांबा. गॅस महिन्याला अडीच कमर्शियल सिलिंडर, ४५०० रुपये धरा, डब्यामागे साडेचार. पोळ्या लाटणाऱ्या मावशी पोळीमागे २ रुपये घेत असतील तर डब्याचे ६. पोहोचवणारा मुलगा, पेट्रोलसकट १०,०००, म्हणजे डब्यामागे जवळपास १०. साबण, पिशव्या, हरवलेले डबे, बुडीत उधारी ३. आता झाले साडेएकोणपन्नास.

अजून एक ओळ राहिली. ही ओळ मी शंभरातल्या नव्वद वह्यांत कोरी बघतो: तुमची मजुरी. पहाटे साडेचारला उठून अकरापर्यंत ओट्यापाशी आणि संध्याकाळी भाजी मंडईत, म्हणजे आठ तास. दिवसाचे ५०० धरा, डब्यामागे साडेबारा. बेरीज ६२ रुपये.

म्हणजे ६० ला डबा विकला तर महिन्याला हातात १०,९२० दिसतात, पण तो नफा नाही. रोजचे ४२० रुपये पडले, म्हणजे दुसरीकडे कामाला गेलात तर मिळाली असती त्याहून कमी मजुरी, आणि वर धंद्याची जोखीम तुमची. ७५ ला विकला तर मजुरी वेगळी निघून १३,५२० उरतात.

आणि डबे ४० ऐवजी २२ असतील तर? डिलिव्हरीचा मुलगा तेवढाच पगार घेतो, तुमचेही तास फारसे कमी होत नाहीत. तोच डबा ८० रुपयांच्या घरात जातो. आमचं नेमकं हेच झालं होतं, वर पनीर होतं ते वेगळंच. म्हणून पहिले २५ डबे चालत जाता येईल एवढ्याच अंतरात घ्या आणि स्वतः पोहोचवा. लांबचा गिऱ्हाईक हात जोडून नाकारा. अवघड जातं, मला माहीत आहे.

डबा एक वाजता उघडतो, दहा वाजता नाही

ओट्यावर चाखून भाजी छान लागली, याला काही अर्थ नाही. तुमचा डबा तीन तासांनी उघडणार आहे. स्वतःचा एक डबा रोज बाजूला ठेवा आणि एक वाजता तोच जेवा. पहिल्याच आठवड्यात कळेल. पोळी गरम गरम डब्यात कोंबली की वाफेने ओली होते, तेव्हा आधी जाळीवर पसरा आणि मग फडक्यात गुंडाळा. भाकरी सगळ्यात शेवटी करा, ती लवकर कडक होते. दह्याची कोशिंबीर उन्हाळ्यात एकपर्यंत आंबते, त्याऐवजी कांदा-काकडी चिरून द्या. ओल्या नारळाचं वाटण एप्रिल-मे मध्ये बंद. उपवासाला सगळे साबुदाण्याची खिचडी देतात, पण थंड झाली की ती चिकट गोळा होते. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी दिलीत तर गिऱ्हाईक नाव काढेल.

भाताबाबत हलगर्जीपणा नको. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे. कोमट अवस्थेत तासन्‌तास पडलं की त्यात जंतू वाढतात. भात सकाळी सहाला करून ठेवू नका, निघण्याच्या अर्धा तास आधी करा. एका दिवसात दहा जणांचं पोट बिघडलं की तुमचा व्यवसाय त्या भागातून संपला.

कागदपत्रांचं थोडक्यात. एफएसएसएआयची नोंदणी घरगुती डब्यालाही लागते, फॉस्कॉस पोर्टलवर होते आणि १४ आकडी नंबर मिळतो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायचा नाही, १९ किलोचा घ्यायचा. फॉर्म कसा भरायचा त्याचा वेगळा व्हिडिओ चॅनलवर आहे.

पैसे महिन्याच्या सुरुवातीला ॲडव्हान्स घ्या. खाडा असेल तर आदल्या रात्री आठपर्यंत कळवायचं, नाहीतर डबा धरला जाईल, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. "काका, आपण घरचेच, पण पीठ रात्रीच दळून येतं," असं गोड बोलून सांगा, पण सांगा. आम्ही संकोचाने सांगितलं नाही आणि सणाच्या आठवड्यात रोज सात-आठ डबे आम्हीच खाल्ले.

तर या आठवड्याचं काम. तीन दुपारी उभं राहायचं. वहीत चार रकाने आखा: कुठे काम करतो, आज काय खाल्लं, किती रुपये गेले, आणि घरून डबा का नाही आणला. मेनू यातल्या चौथ्या रकान्यातून निघतो. तीस माणसांशी बोलणं झालं की वही उघडी ठेवून पुढचा व्हिडिओ लावा. त्यात आपण त्याच तीस उत्तरांवरून सहा दिवसांचा तक्ता बसवणार आहोत, आणि हो, पनीर घ्यायचं की नाही तेही बघू.