समुद्रांतील अदृश्य कुरणें

भूमीवर जसें गवत, तसे समुद्रांत डायाटम. हे एकपेशीय जीव इतके सूक्ष्म असतात कीं, बहुतेक सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून दिसत नाहींत. तथापि त्यांजवर बारीक जलचर पोसले जातात, जलचरांवर मासे, आणि माशांवर मनुष्य. तेव्हां त्यांची वाढ कशानें होते हें पाहणें म्हणजे आपल्याच ताटांतील घांसाचा उगम शोधणें होय.

शेतांतील पिकाप्रमाणें त्यांसहि सूर्यप्रकाश व खत हीं दोन्ही लागतात. खत म्हणजे पाण्यांत विरघळलेले नत्र, स्फुरद व सिलिका यांचे क्षार. परंतु प्रकाश वरून येतो आणि खत खालीं सांचतें! अगदीं स्वच्छ पाण्यांतहि सुमारें २०० मीटरांखालीं वाढीपुरता प्रकाश पोंचत नाहीं. मृत जीव मात्र खोल जाऊन कुजतात व त्यांतील क्षार तेथेंच राहतात.

उत्तर अटलांटिक महासागराचें उदाहरण घेऊं. हिवाळ्यांत वादळें पाणी घुसळून क्षार वर आणतात. पण दिवस लहान, आणि त्याच घुसळणीनें डायाटमहि काळोखांत ओढले जातात. वसंतांत सूर्य चढतो, वरचा थर उबदार व स्थिर होतो, आणि डायाटम झपाट्यानें वाढतात. उन्हाळ्यांत प्रकाश विपुल, परंतु खत सरलेलें. म्हणून वाढ खुंटते. एकाची उणीव दुसऱ्याच्या विपुलतेनें भरून येत नाहीं.

पॅसिफिक महासागराची गोष्ट याहून बोधप्रद आहे. विषुववृत्ताजवळ कांहीं भागांत प्रकाश आहे, नत्र व स्फुरदहि आहेत, तरी वाढ थोडी. तेथें लोहाची उणीव असावी, असें अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनीं प्रतिपादिलें. ते १९९३ सालीं वारले. त्याच वर्षीं त्यांच्या सहकाऱ्यांनीं गालापागोस बेटांच्या बाजूस समुद्रांत लोहाचा क्षार सोडून पाहिला व वाढ झालेली आढळली. १९९५ सालीं पुनः प्रयोग केला, तेव्हां थोड्याच दिवसांत पाणी हिरवें झालें. लोह लागतें लेशमात्र. पण त्यावांचून बाकीची सर्व समृद्धि पडून राहते.

शिक्षक आहेत, पुस्तकें आहेत, तरी एखादें मूल मागें पडतें. त्यास मंद म्हणण्यापूर्वीं आम्हां शिक्षकांनीं व पालकांनीं त्याची उणीव शोधावी. ती कदाचित् लहानशीच असेल: पुरेशी झोंप, सकाळची न्याहारी, डोळ्यांस चष्मा किंवा एक ममतेचा शब्द. ईश्वरानें वाढण्याची शक्ति प्रत्येकांत ठेविली आहे; उणें तेवढें पुरविणें हें आपलें काम.